नाशिकचा पडदा आणि गळ्यातले चार दाणे

आज थोडा इतिहास. राजेरजवाड्यांचा नव्हे, हाडांचा! लांबण लागली तर सांभाळून घ्या.

१९२० च्या आसपासची गोष्ट. नाशिकमध्ये डॉ. हचिसन आणि त्यांचे सहकारी डॉ. शाह मुडदुसाचा अभ्यास करत होते. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकणं. मोठ्या बायकांचीही हाडं अशीच मऊ होतात, मग कंबर धरते, चालणं अवघड होतं, बाळंतपण अडतं. हा रोग खाण्यातल्या उणिवेने होतो की उजेडाच्या, यावर तेव्हा जगभरचे डॉक्टर भांडत होते. नाशिकमध्ये मात्र उलटंच दिसलं. ज्यांच्या पानात धड दूध-तूप नाही पण जी दिवसभर उन्हात, अशा गरिबाघरच्या पोरांना मुडदूस नव्हता. आणि पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, हिंदू काय नि मुसलमान काय, तो होता. त्यांचा निबंध १९२२ साली इंग्लंडात छापून आला. मला तर आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची माजघरं आठवली. भरदिवसा दिवा लावावा लागे तिथे.

आता हाडं मऊ का पडतात? इथे परावटू ग्रंथी येतात, म्हणजे पॅराथायरॉइड. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार. गंमत बघा, या प्रथम नजरेला आल्या त्या आपल्याकडच्या गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९ साली मेला, त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ती ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन केलं ते १८८० मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने.

काम त्यांचं एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. ते कमी झालं की या ग्रंथी आपला रस सोडतात. तो हाडांतून कॅल्शियम काढतो आणि मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप करवून घेतो. हे रूप आतड्याचं दार उघडतं. ड पुरेसं असेल तर अन्नातल्या कॅल्शियमचे शंभरातले तीस-चाळीस भाग आत येतात, नसेल तर दहा-पंधराच. नाशिकच्या बायकांचं काय होत असणार ते आता कळतं. ऊन नाही म्हणून ड नाही, म्हणून आतड्याचं दार बंद, आणि ग्रंथी रात्रंदिवस हाडांतून उचल करताहेत. हचिसनना हे दिसणं शक्यच नव्हतं. हा रस रक्तात मोजता आला तोच १९६३ साली.

दुसरा प्रकार अगदी उलटा. चारांपैकी एखादी ग्रंथी गाठ होऊन फुगते आणि कुणी न सांगता रस सोडत सुटते. मग आतडं गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम ओढतं, हाडं झिजतात, लघवीतून कॅल्शियम जाऊन मुतखडे होतात. १९२५ साली व्हिएन्नात माँडल यांनी एका ट्रामवाल्याच्या गळ्यातली अशी गाठ काढली, आणि हाडदुखीने अंथरुणाला खिळलेला तो माणूस पुन्हा चालू लागला. (काही वर्षांनी दुखणं उलटलं, तेही खरं.)

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच माणसात भेटतात, आणि तिथेच फसगत होते. गाठ आहे, पण ड इतकं कमी की रक्तातलं कॅल्शियम फारसं वाढलेलं दिसत नाही. रिपोर्ट बघून घरचे निर्धास्त, आणि आत हाडं पोखरली जाताहेत. म्हणून डॉक्टर कॅल्शियम, पीटीएच आणि ड या तिन्ही तपासण्या एकत्र सांगतात. मुतखड्यासाठी गळ्याची तपासणी कशाला, म्हणून आमच्या घरात बराच खल झाला होता, त्याचं उत्तर हे.

आणखी एक. मुतखडा झाला की आपल्याकडे पहिलं दूध बंद करतात. या आजारात तसं करू नये असं आता डॉक्टर सांगतात, कारण पोटातून येणारं कॅल्शियम तोडलं की ती ग्रंथी आणखीच चेकाळते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही देतात, पण बेताबेताने, रक्त तपासत. शेजारीण घेते म्हणून आपणही ती साठ हजारांची पुडी दुधात घालून घ्यायची, हे इथे चालायचं नाही.