पाणी नळात जाईल, हक्क कुठे जाईल?

मुदखेड तालुक्यातल्या शेतीला पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्याने येते. मुख्य कालवा, वितरिका, शेतचारी या वाटेत ते मुरते, उन्हाने उडते, फुटक्या अस्तरातून झिरपते. वरचे बडे शेतकरी मोटारी टाकून उचलतात ते वेगळेच. टोकाच्या गावाची पाळी येते तेव्हा चारी कोरडी असते. म्हणून उघड्या कालव्यांच्या जागी बंदिस्त नळ टाकण्याची मागणी रास्त आहे. नळावरून शेती करता येते, भूसंपादनही कमी लागते. आमचा विरोध नळाला नाही. आमचा प्रश्न एवढाच, की वाचलेले पाणी कोणाच्या नावावर जमा होणार?

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. सार्वजनिक पैशातल्या विहिरी-तळी अस्पृश्यांना खुली करा, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. पैसा सर्वांचा, पाणी मात्र काहींचे, ही त्या व्यवस्थेची रीत होती.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या योजनांना दिशा दिली. नदीचे पाणी ही सार्वजनिक संपत्ती, तिचे नियोजन शासनाने करावे, हा त्यामागचा विचार होता.

स्वातंत्र्यानंतर धरणे सर्वांच्या करातून झाली, वाटप मात्र सातबाऱ्यावर झाले. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्था आल्या, पण सभासद कोण? लाभक्षेत्रात जमीन धारण करणारा किंवा कसणारा. भूमिहीन मजूर त्यात कुठेच नाही. मराठवाड्यातल्या आमच्या लोकांनी गायराने कसली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तरी कित्येकांचे सातबारे अजून अडलेले आहेत. ज्याचा सातबारा नाही, त्याला पाणी कोण देणार?

उघड्या कालव्यावर निदान मजूर बाया कपडे धुतात, गुरे पाणी पितात, जवळच्या विहिरींना पाझर मिळतो. कालवा नळात गेला की हेही संपेल, आणि कोणत्याच अंदाजपत्रकात त्याची नोंद नसेल.

मार्ग नाही असे नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात जमिनीवर नव्हे, तर माणशी पाणी वाटले. त्यात भूमिहीनांचाही हक्क मानला आणि उसाला मनाई केली. सांगलीच्या आटपाडीत समन्यायी वाटपासाठी लढलेल्या चळवळीने बंदिस्त नळाचीच मागणी केली. नळात पाणी मोजता येते आणि जे मोजता येते ते वाटताही येते.

म्हणून मुदखेडच्या तरुणांनी आजच मागावे: वाचलेल्या पाण्यात भूमिहीनांचा माणशी वाटा, गायरानधारकांना आऊटलेट, आणि गुरे व घरगुती वापरासाठी गावोगाव पाणवठा. आराखडा कागदावर असतानाच बोलायला हवे. नळ पुरल्यावर माती उकरून हक्क सापडत नाही.

जय भीम!