शॉर्टफिल्म तुमची, चॅनल दुसऱ्याचं? हक्क कसा राखायचा, वाचा सविस्तर

गावातली चार पोरं एकत्र येतात, वर्गणी काढतात, भाड्याचा कॅमेरा आणतात आणि शॉर्टफिल्म बनवतात. फिल्म यूट्यूबवर टाकली की आठवड्याभरात तीच फिल्म, नावं कापून, दुसऱ्याच चॅनलवर दिसते. व्ह्यूज त्याला, पैसेही त्याला. अशा वेळी काय करायचं?

हक्क कधी मिळतो?
कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. फिल्म तयार झाली की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. 'आर. जी. आनंद' खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे चहाच्या टपरीवर गोष्ट सांगण्याआधी ती पूर्ण लिहून काढा.

मालक कोण?
इथेच अनेक जण फसतात. कायद्याने फिल्मचा मालक दिग्दर्शक नसून निर्माता असतो. पैसे देऊन कोणी फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून मित्र-मित्र असलात तरी कोणाचा काय वाटा, हे शूटिंगआधी कागदावर घ्या.

नोंदणीला खर्च किती?
दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. कथा-पटकथेसाठी ५०० रुपये, फिल्मसाठी ५००० रुपये फी आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पैसे कमी असतील तर निदान पटकथा नोंदवा. कोर्टात हा दाखला पुरावा म्हणून चालतो.

सही करताना सावध
हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण छापील करारात बहुतेक वेळा 'कायमस्वरूपी, जगभर' असं आधीच लिहिलेलं असतं. तेवढी ओळ नीट वाचा. घाई करणाऱ्याला सरळ सांगा, "दोन दिवसांनी सही करतो."

फिल्म चोरली तर?
१) आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख जपून ठेवा.
२) यूट्यूबवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म मोफत भरता येतो. समोरच्याने उलट दावा केला, तर कोर्टात गेल्याचा पुरावा कामकाजाच्या १० दिवसांत द्यावा लागतो.
३) जाणूनबुजून चोरी केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पोलिसांत तक्रार देता येते.
४) नुकसानभरपाईचा दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करता येतो. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

आपली बाजूही स्वच्छ हवी
फिल्ममागे गाजलेलं गाणं परवानगीशिवाय लावलं, तर चोर आपणच ठरतो. कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते किंवा व्हिडिओ काढला जाऊ शकतो. गावातल्या कलाकाराकडून संगीत करून घ्या आणि त्याचीही लेखी परवानगी ठेवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं: शूटिंगचं मूळ फुटेज डिलीट करू नका. मेमरी कार्ड रिकामं करायच्या घाईत अनेकांचा सगळ्यात भक्कम पुरावा पुसला जातो. जुन्या हार्डडिस्कवर का होईना, एक प्रत ठेवाच.