शिवणयंत्राचे पाऊल

आपल्या शिवणवर्गात नवी भगिनी आली म्हणजे ती सुईविषयी विचारते, दोऱ्याविषयी विचारते. परंतु सुईच्या भोवती कापडावर टेकलेल्या त्या लहानशा पावलाविषयी, ज्यास आपण नुसते ‘फूट’ म्हणतो, सहसा कोणी विचारीत नाही. मीही कधी विचारले नव्हते. आईच्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी मी यंत्रावर शिवावयास घेतली आणि नेहमीच्याच फुटाने तीवर वेल काढू लागले. वरचे लुगडे पुढे सरकले, खालचे मागे राहिले आणि जागोजागी चुण्या पडल्या. कितीतरी दिवस मी आपल्या हातालाच दोष देत होते. दोष हाताचा नव्हता, फुटाच्या निवडीचा होता, हे त्याचा इतिहास वाचल्यावर कळले.

१८४६ साली अमेरिकेत एलियस हाऊ यांनी आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्यात कापड एका पट्टीवरील टाचण्यांना अडकवून उभे धरावे लागे. पट्टी संपली की काम थांबवून कापड पुन्हा अडकवायचे. वळणाच्या शिवणीची तर गोष्टच नको. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी पेटंट घेतलेल्या यंत्रात कापड आडव्या फळीवर आले, सुई उभी झाली आणि कापड दाबून धरणारे, स्प्रिंगवर हलणारे पाऊल तिच्याशेजारी बसले. पुढे १८५४ साली ॲलन विल्सन यांनी वर येणाऱ्या, पुढे सरणाऱ्या, खाली बुडून मागे परतणाऱ्या दात्यांचे पेटंट घेतले. वरून फूट दाबते व खालून दाते ओढतात, या जोडीमुळे टाका एकसारखा पडू लागला. शिवणारणीच्या हाताला फक्त दिशा दाखविण्याचे काम उरले.

परंतु भरतकामाला एवढ्याने भागेना. वेल, फूल, पान काढायचे तर कापड चहूकडे फिरले पाहिजे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावरील भरतकाम शिकविताना फूट काढून ठेवीत आणि कापड रिंगमध्ये ताणून हाताने फिरवीत. आपल्याकडील शिवणवर्गांतूनही ही रीत चालत आली आहे.

गोधडीचे जाड थर मात्र रिंगमध्ये नीट ताणून बसत नाहीत. मग सुई वर जाताना कापडही तिच्याबरोबर उचलले जाते, सुईमागे दोऱ्याचा फास नीट पडत नाही, शटलला तो पकडता येत नाही आणि टाका सुटतो. यावर उपाय ठरले ते रफूचे फूट. सुई कापडात असेपर्यंत ते कापड धरून ठेवते; सुई वर गेली की तेही उचलते आणि हाताला कापड सरकवू देते. दाबणे आणि सोडणे, दोन्ही त्याला येते.

तरीही यंत्रावर घातलेले टाके हातच्या टाक्यांपेक्षा हलके, असे अमेरिकेतही पुष्कळजण मानीत. १८८९ नव्हे, अगदी १९८९ साल उजाडले, तेव्हा कोठे केंटकी राज्यातील पडुका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या यंत्राने टाके घातलेल्या रजईस सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथेही कापड फिरविणारे हातच होते, हे परीक्षकांनी ओळखले म्हणावयाचे.

आता निवडीविषयी. प्रथम आपल्या यंत्राचा फूट बसविण्याचा दांडा पाहावा. तो आखूड, उंच किंवा तिरका असतो आणि एकाचे फूट दुसऱ्यास बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुने फूट बरोबर न्यावे. गोधडी जाड असेल तर वर-खाली होणारे, पूर्ण गोल कड्याचे फूट बरे. ते चारी बाजूंनी कापड धरते आणि शिवणीच्या कडेत अडकत नाही. आखलेल्या रेघेवरून जायचे असेल तर पुढून उघडे फूट घ्यावे, म्हणजे सुई कोठे पडते ते दिसते. जाड पट्टी टेकवून रेघा मारावयाच्या असल्यास त्यासाठीच केलेले उंच कडेचे फूट हवे. साध्या फुटाखाली पट्टी सरकली तर सुई मोडते.

दाते खाली करावेत किंवा झाकावेत. आणि फूट कापडाला जेमतेम टेकत असले तरी त्याची दांडी खाली पाडल्याशिवाय शिवू नये. दांडी वर राहिली तर वरच्या दोऱ्यावर ताण येत नाही आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. टाक्याची लांबी आता हात ठरवितो. म्हणून आधी चिंध्यांच्या तुकड्यावर हात बसवावा.

आईची ती गोधडी मी उसवली. दुसरे फूट लावून पुन्हा शिवली. वेल काही सरळ गेलेली नाही. पण चुणी एकही नाही. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात ती ठेवीन, तेव्हा भगिनींनी वेलीबरोबर फुटाविषयीही विचारावे.