इंग्रजाची पोचपावती

आमचा एक मावसभाऊ गेली एकवीस वर्षं इंग्लंडात असतो. लंडनजवळ स्लाव नावाचं गाव आहे, तिथं. म्हणजे मुंबईजवळ विरार, तसं. फरक इतकाच की विरारचा माणूस ‘मी मुंबईला असतो’ म्हणाला की लोक गालात हसतात आणि स्लावचा माणूस ‘मी लंडनला असतो’ म्हणाला की लोक त्याला खुर्ची देतात.

गेल्या डिसेंबरात हा दादा बायको आणि मुलीसह आमच्याकडे आठ दिवस राहून गेला आणि इंग्रज माणूस कसा असतो ते आम्हांला घरबसल्या कळलं. कारण दादा आता खऱ्या इंग्रजापेक्षाही इंग्रज झाला आहे. पहिल्याच दिवशी विरार स्टेशनच्या जिन्यावर एका गृहस्थानं त्याच्या पायावर सपशेल पाय दिला. दादा त्याला ‘सॉरी’ म्हणाला. तो गृहस्थ थबकला, त्यानं दादाकडे संशयानं पाहिलं आणि स्वतःचं पाकीट चाचपत पुढं गेला.

रात्री आमच्या हिनं खास पापलेटचं कालवण केलं होतं. दादानं दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाला, “नॉट बॅड!” हिचा चेहरा पडला. स्वयंपाकघरात मला म्हणाली, “सकाळी सहाला उठून बाजारात गेले, आणि भाऊजी म्हणतात वाईट नाही!” शेवटी वहिनींनी खुलासा केला, की ‘नॉट बॅड’ ही इंग्रजांत सर्वोच्च पदवी आहे, तिच्यावर काही नाही. आणि एखादी गोष्ट अजिबात घशाखाली उतरली नाही, तर तिला ‘इंटरेस्टिंग’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी कौतुकानं वसईची सुकेळी पुढं केली. पुतणीनं एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, “व्हेरी इंटरेस्टिंग, काका!” मी मुकाट्यानं पुडा मिटला.

रविवारी सगळ्यांना वसईचा किल्ला दाखवायला नेलं. ज्या माणसाला पाहुणे येतात त्या प्रत्येक वसई-विरारकराच्या नशिबी हे असतंच. मी पोर्तुगीजांचे पडके चर्च दाखवले, सेंट जोसेफचा मनोरा दाखवला, नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ दाखवलं, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापुढं सगळ्यांना उभं करून फोटो काढला. माझ्या मते कार्यक्रम संपला होता. एवढ्यात चौदा वर्षांच्या पुतणीनं विचारलं, “काका, अँड द इंग्लिश? त्यांचं काय आहे इथं?”

मी बँकेत कारकून आहे. ‘साहेब जागेवर नाहीत, उद्या या’ हे उत्तर मला कोणत्याही प्रश्नाला देता येतं. पण इथं मी गप्प झालो. पोर्तुगीज वसईत २०५ वर्षं राहिले, १५३४ ते १७३९. त्यांनी चर्च बांधली, आडनावं दिली. मराठ्यांनी देवळं बांधली, आणि जिंकलेल्या चर्चच्या घंटा उतरवून लांब लांब नेऊन टांगल्या. वसईच्या मोहिमेतल्या घंटा आजही भीमाशंकरला आहेत, वाईजवळ मेणवलीला आहेत. म्हणजे एकजण देव घेऊन आला, दुसरा घंटा घेऊन गेला. आणि या दोघांच्या मागून येऊन ज्यानं वसई गिळली, त्या इंग्रजाची इथं एक खिडकीसुद्धा मला दाखवता येईना.

घरी आल्यावर कपाटातली पुस्तकं काढली. (बी. कॉम.ला इतिहास नव्हता, त्यामुळे त्याची गोडी शिल्लक आहे.) आणि मग लक्षात आलं, की मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. इंग्रज दगडात सापडत नाही. तो कागदात सापडतो.

१७३९ सालीच पाहा. चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातलेला. आत पोर्तुगीज मेटाकुटीला आलेले. पलीकडे मुंबईत इंग्रज. पोर्तुगीजांनी शेजारधर्म म्हणून मदत मागितली. इंग्रजांनी दिली नाही असं नाही. थोडी दारूगोळ्याची मदत दिली आणि पंधरा हजार रुपयेसुद्धा दिले. पण कसे? चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून! हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. हो, तारण! दाराशी शत्रू, घरात उपासमार, आणि शेजारी विचारतो, सिक्युरिटी काय देता? आमच्या बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी तीन वर्षं काढली आहेत. बायकोच्या बांगड्या काढून देणाऱ्या माणसाचा चेहरा मला ठाऊक आहे. पण ज्या तोफेनं गड लढवायचा तीच गहाण घेणारी बँक मी अजून पाहिली नाही.

आणि पुढं ऐका. मे महिन्यात वसई पडली. जुलैमध्ये त्याच इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे आला आणि व्यापाराचा तह करून गेला. जुना ऋणको बुडाला, तसं नवं खातं उघडलं. यात कुणाचा राग नाही, लोभ नाही. आपण याला विश्वासघात म्हणू. इंग्रज कामकाज म्हणतो.

या सगळ्यात एक मजा आहे. पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला तो १६ मेला. पण इंग्रजांच्या वहीत त्या दिवशी तारीख होती ५ मे! सगळा कॅथलिक युरोप नवं कॅलेंडर वापरत होता. पण ते पोपनं काढलेलं, म्हणून इंग्रजांनी १७० वर्षं ते मानलं नाही. सूर्य चुकला तरी चालेल, पण पोपचं ऐकणार नाही, हा तो बाणा. शेवटी १७५२ साली मानलं, तेव्हा २ सप्टेंबरला झोपलेला इंग्रज उठला तो १४ सप्टेंबरला. मधले अकरा दिवस गायब. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडे कराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आणि का ते कुणालाच माहीत नाही.” मी म्हटलं, “मला माहीत आहे. जुना वर्षारंभ २५ मार्चचा. अकरा दिवस पळाले तर कर अकरा दिवस आधी का भरायचा, म्हणून तुमच्या लोकांनी तारीखच पुढं ढकलली. पुढं १८०० साली आणखी एक दिवस वाढला.” एकवीस वर्षं तिथं कर भरणाऱ्या माणसाला विरारच्या कारकुनानं ही माहिती द्यावी, याचा मला जो आनंद झाला तो लपवण्यासारखा नव्हता, आणि मी तो लपवलाही नाही.

पुढं १७७५ साली राघोबादादांना पेशवाई हवी होती. सुरतेला इंग्रजांशी तह झाला आणि दादांनी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई लिहून दिली. साष्टी इंग्रजांनी आधीच घेतलेली होती, वसई मिळायला वेळ लागला. १७८०च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डनं तोफा लावून किल्ला घेतला आणि १७८२ला सालबाईच्या तहात परत देऊन टाकला. साष्टी मात्र ठेवून घेतली. मुंबईला चिकटून होती ना! आपण याला उदारपणा समजलो.

आणि आता ती तारीख, जिच्यामुळे आमच्या वसईचं नाव जगाच्या इतिहासात गेलं. १८०२च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि डिसेंबरच्या मध्यावर इंग्रजी जहाजातून वसईला आले. राघोबादादांनी वसई लिहून दिली होती; त्यांचे चिरंजीव वसईत बसून उरलेलं लिहून देणार होते. तारीख, ३१ डिसेंबर १८०२. बँकवाल्याला ही तारीख ऐकून घाम फुटतो. पूर्वी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरलाच संपत असे. आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे, त्या रात्री घरी कुणी जेवायला वाट पाहायचं नाही. इंग्रजांनी त्या वर्षाचा हिशेब वसईत मिटवला.

तहाची एकोणीस कलमं होती. वाचलीत तर सगळी फार सभ्य भाषेत आहेत. मैत्री, सलोखा, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. मग हळूच, की पेशव्यांच्या संरक्षणासाठी इंग्रजांची सहा हजारांची कवायती फौज कायम राहील. तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी वर्षाला सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी वाटाघाटी करू नयेत.

आमच्या सोसायटीत मागे वॉचमन ठेवला होता. पगार आम्ही द्यायचा, डबा आम्ही द्यायचा. चार महिन्यांनी मी रात्री उशिरा आलो तर मलाच म्हणाला, “कुणाकडे जायचंय?” वसईचा तह मला त्या रात्री गेटवर समजला. पण आम्ही जनरल बॉडी बोलावून वॉचमन बदलला. बाजीरावांना ती सोय नव्हती. शिंदे, होळकर, भोसले यांना न विचारता सही झाली होती, आणि ज्या सभासदांना नोटीसच गेली नाही त्यांची सभा कोण भरवणार? १८०३ला युद्ध झालं, त्यात शिंदे आणि भोसले हरले. १८१८ला पेशवाईच गेली.

इथं मी नेहमी अडतो. पानिपत वाचताना माणूस रडतो, कारण तिथं रक्त आहे. वसईला काहीच झालं नाही. एक टाक, एक दौत, दोन शिक्के. एवढ्यानं शनिवारवाड्याची चावी गेली. रोज सत्तर ठिकाणी ‘येथे सही करा’ म्हणून फुली मारून देणारा मी माणूस. माझ्याइतकं हे कुणाला बोचावं?

पण इंग्रजाचा आणखी एक गुण सांगायलाच हवा, नाहीतर हिशेब चुकेल. जून १८१८मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले तेव्हा त्यांना वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन कबूल झालं. वय त्रेचाळीस. म्हणजे माझ्याच वयाची स्वेच्छानिवृत्ती! आठ लाख ही रक्कम फार झाली म्हणून माल्कमवर वरचे साहेब नाराज झाले. पण लिहून दिलं होतं ना? मग दिलं. बाजीराव ब्रह्मावर्ताला जाऊन जानेवारी १८५१पर्यंत जगले. पेशवे होते बावीस वर्षं आणि पेन्शनर होते साडेबत्तीस. मी बेरीज केली. अडीच कोटींच्या वर रक्कम जाते. आमच्या युनियनलासुद्धा असा करार कधी जमला नाही. आणि ते वारल्यावर दत्तकपुत्र नानासाहेब वारसदार म्हणून अर्ज घेऊन गेले, तेव्हा ‘स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ असं लिहिलेलं असूनही तोच कागद नव्यानं वाचण्यात आला आणि खातं बंद झालं. कागद पाळायचा, पण त्याचा अर्थ आपण लावायचा. १८५७मध्ये त्या बंद खात्याचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

हे सगळं मी पुतणीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “सो, त्यांचं काहीच उरलं नाही?” मी म्हटलं, “उद्या पहाटे उठ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आणि दादाला विरार स्टेशनवर नेलं. अंधार होता, थंडी होती, म्हणजे दादाला हवेवर बोलायला विषय होता. पुतणीला म्हटलं, “१२ एप्रिल १८६७. बीबीसीआय रेल्वेची इथून मुंबईला पहिली लोकल सुटली. दिवसात एक. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत. म्हणजे बघ, ऑफिसात जायची वेळ आणि सुटायची वेळ ठरवून मग गाडी काढली. हे समोर डबा घेऊन उभे आहेत ना, त्यांची दिनचर्या त्या दिवशी लिहिली गेली. आणि त्याच १८६७ साली हिंदुस्थान सरकारचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू झालं. म्हणून तुझा काका ३१ मार्चला रात्री अकराला घरी येतो. किल्ल्यात काय शोधत होतीस? ते सगळे इथं आहेत.”

पुतणी बघत राहिली. प्लॅटफॉर्मवर जो तो आपापल्या डब्याच्या जागी बरोबर उभा होता. भजनी मंडळाचे बुवा झांजा काखोटीला मारून तयार. पेपरवाले पेपर घडी करून तयार. दादाला मात्र हे दिसत नव्हतं. तो एका माणसाच्या मागे शिस्तीत उभा राहिला होता आणि मागे कुणीच का लागत नाही म्हणून बावरला होता.

“रांग नाही इथं?” त्यानं विचारलं.

“आहे ना. मनात आहे. तो खिडकीवाला, हे चौथ्या सीटचे, ते बोरिवलीला उतरणारे. सगळं ठरलेलं आहे. फक्त लिहून ठेवलेलं नाही.”

तेवढ्यात बोर्डावरचे आकडे बदलले. गाडी सात मिनिटं लेट. गर्दीतून एक सुस्कारा उठला. मी ओशाळून दादाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर घरी आल्यासारखं समाधान पसरलं होतं.

“सेम टू सेम,” तो म्हणाला, “आमच्याकडेही रोज हेच. सात मिनिटं? नॉट बॅड!”