डोनर स्मृती राज्य उद्यान

डोनर स्मृती राज्य उद्यान हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ट्रकी गावाजवळ, डोनर सरोवराच्या पूर्व टोकाशी असलेले उद्यान आहे. १८४६ मध्ये पश्चिमेकडे निघालेला ८७ स्थलांतरितांचा तांडा अकाली हिमवृष्टीमुळे सिएरा नेवाडा पर्वतात अडकला. उपासमारीत काहींना मृतांच्या मांसावर जगावे लागले; सुमारे ४८ जण वाचले.

मर्फी कुटुंबाने ज्या शिळेला टेकून झोपडी उभारली, ती आजही तेथे आहे. १९१८ मध्ये अनावरण झालेल्या स्मारकाचा २२ फूट उंच चौथरा त्या हिवाळ्यातील बर्फाची उंची दर्शवतो, असे मानले जाते.

उन्हाळ्यात पोहणे, नौकाविहार, मासेमारी व तंबूनिवास, तर हिवाळ्यात बर्फावरील भ्रमंतीसाठी पर्यटक येथे येतात.