क्षपकाच्या उशाशी

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तेरखेडा लागते. दसरा सरला की या गावाची ओळख कोणाला विचारावी लागत नाही. फटाक्यांची दुकाने दिसू लागतात आणि लांबलांबून आलेले व्यापारी पोत्यांनी माल भरून नेतात. या धंद्याने कोरडवाहू मुलखातल्या या गावाला भाकर दिली आणि अधूनमधून दारूचा भडका उडून घरची माणसेही नेली. मराठवाड्यातील पुष्कळ अंगणांतली दिवाळी इथल्या हातांनी वळलेली असते, हे तो आवाज ऐकणाऱ्याच्या ध्यानी येत नाही, इतकेच.

मला आज सांगायचे आहे ते मात्र या आवाजाबद्दल नव्हे. तेरखेड्यापासून फार लांब नाही अशा बालाघाटाच्या डोंगरात कुंथलगिरी आहे. हल्ली खव्याच्या पेढ्यामुळे हे नाव पुष्कळांच्या तोंडी असते. जैनांच्या लेखी ते सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे दोघे मुनी येथून मुक्त झाले, आणि त्यांच्यावर आलेले संकट वनवासी रामाने निवारले, अशी जैन रामायणाची कथा आहे. आपण ज्या अमावास्येला लक्ष्मीपूजन करतो, ती जैनांना महावीराच्या निर्वाणाची रात्र. तेव्हा दिवाळी अंकात मरणाचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी मला दोष देऊ नये. त्या सणाच्या पोटातच तो आहे.

विषय असा. इंग्रजी मुलखांतील इस्पितळांतून चॅप्लेन नावाचा एक अधिकारी असतो. तो औषध देत नाही, नाडी पाहत नाही. जो बरा होणार नाही त्याच्याजवळ बसणे, त्याचे ऐकणे आणि त्याच्या श्रद्धेला धरून चार शब्द बोलणे हे त्याचे काम. १९६७ साली सिसिली साँडर्स या बाईंनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली आणि मरणासन्नांच्या शुश्रूषेला शास्त्राची जोड दिली. तिथे देहाच्या वेदनेइतकाच मनाच्या आणि श्रद्धेच्या वेदनेचाही विचार झाला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना आश्रम उघडला. देशातले अशा तऱ्हेचे ते पहिले घर. होली क्रॉस संघाच्या भगिनींनी तिथे कर्करोग्यांची सेवा केली. हे सारे वाचताना मनात येते की ही कल्पना आपल्याला परकी आहे. पण ती तशी नाही. सात दिवसांत मरणार हे ठाऊक असलेल्या परीक्षितीजवळ बसून शुकाने जे केले, ते याहून निराळे काय होते? आणि पुराणकथा बाजूला ठेवली, तरी या कामाचा रीतसर कायदा लिहून ठेवणारा एक ग्रंथ आपल्याकडे आहे आणि त्या कायद्याची कसोटी पाहणारी एक घटना कुंथलगिरीवर घडलेली आहे.

ग्रंथाचे नाव भगवती आराधना. कर्ता शिवार्य. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला हा दिगंबर साधू स्वतःची ओळख तळहातावर जेवणारा एवढीच करून देतो. शौरसेनी प्राकृतातल्या दोन हजारांहून अधिक गाथांच्या या ग्रंथाचा मोठा भाग मरणाने व्यापला आहे. मरण म्हणजे सल्लेखना. टळू न शकणारे संकट, दुष्काळ, जर्जर म्हातारपण किंवा बरा न होणारा रोग आला म्हणजे क्रमाक्रमाने आहार कमी करीत देह सोडणे. जो हे व्रत घेतो तो क्षपक, आणि जे त्याला पार नेतात ते निर्यापक. निर्यापक म्हणजे आपला चॅप्लेन, असे म्हणायला हरकत नाही. फक्त तो एकटा नसतो. शिवार्याच्या हिशेबाने निर्यापक असावेत अठ्ठेचाळीस!

हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला तो पोथीतला थाट वाटला. कामांची वाटणी वाचल्यावर मत बदलले. चौघांनी क्षपकाला उठवावे, बसवावे, कुशीवर वळवावे, हातपाय पसरून द्यावेत. चौघांनी धर्मकथा सांगावी. चौघांनी त्याच्याजोगे अन्न आणावे, चौघांनी पेय आणावे आणि चौघांनी ते राखावे. चौघांनी मलमूत्र उचलावे आणि अंथरूण साफ करावे. चौघांनी त्याच्या दाराशी राहावे, चौघांनी सभेच्या दाराशी. चौघांनी रात्री जागावे. चौघांनी मुलखात काय चालले आहे याची खबर ठेवावी, कारण लढाई किंवा दुष्काळ अंगावर आला तर क्षपकाला हलवणार कसे? चौघांनी बाहेर जमलेल्या लोकांना कथा सांगाव्यात आणि त्याही अशा बेताने की आवाज आत जाऊ नये. उरलेल्या चौघांनी वाद घालायला येणाऱ्यांना बाहेरच तोंड द्यावे. हे लिहिणारा माणूस मरणाच्या खोलीत पुष्कळदा बसलेला असला पाहिजे. भेटायला येणारी मंडळी उंबऱ्यात उभी राहून कशी बोलतात, हे त्याला चांगले ठाऊक होते.

काळ वाईट असेल तर ही संख्या चार-चारने कमी करीत जावे, अगदीच निरुपाय झाला तर दोन. पण एक कधीही नको, असे शिवार्य बजावतो. एकटा निर्यापक भिक्षेला गेला तर क्षपक वाऱ्यावर पडतो. न गेला तर निर्यापकच उपाशी मरतो. दोघांचाही नाश. घरात एकट्या सुनेने किंवा एकट्या लेकीने म्हाताऱ्याचे अंथरूण सांभाळलेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या नियमाचे भाष्य लागणार नाही.

बोलण्याचे नियम तर याहून बारीक आहेत. मरणाऱ्यापुढे खंडनमंडनाची कथा काढू नये. एक पक्ष मांडून झाला आणि दुसरा मांडण्याआधी प्राण गेला, तर तो बिचारा शंका घेऊनच जायचा. ज्याने सर्व सोडले आहे, तोही वेदना वाढली की अन्न मागू लागतो, भलतेच बोलतो, व्रत मोडायला उठतो. अशा वेळी त्याला कडू बोलू नये, कठोर शब्द वापरू नये, टाकून जाऊ नये. त्याला कवच घालावे. कवच म्हणजे शब्दांचे, पूर्वी ज्यांनी सोसले त्यांच्या गोष्टींचे. सुकुमालाला कोल्हीने पिलांसह तीन रात्री खाल्ले, सुकोशलाला वाघिणीने, आणि चाणक्य गोवऱ्यांच्या आगीत जळाला. होय, आपला अर्थशास्त्राचा चाणक्यच. जैन परंपरेत तो शेवटी मुनी होतो. याच गोष्टींतून पुढे कथांचे मोठे भांडार तयार झाले. हरिषेणाचा बृहत्कथाकोश दहाव्या शतकातला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी १९४३ साली तो संपादून छापला, तेव्हा प्रस्तावनेत या कथांचे आराधनेशी असलेले नाते तपशिलाने मांडले. आज आपण त्या कोशाकडे साहित्य म्हणून पाहतो. पण कित्येक कथांचा मूळचा श्रोता आडवा पडलेला होता, हे विसरता कामा नये. जाता जाता एक गंमत. चॅप्लेन या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये झगा. संत मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा फाडून दिला. तो झगा जपणारे पुरोहित ते चॅप्लेन. तिकडे झगा, इकडे कवच.

कर्नाटकातील शिलालेखांत हे निर्यापक नावानिशी भेटतात. गंग राजा मारसिंह दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंकापूरला अजितसेनांच्या पायाशी तीन दिवसांचे व्रत करून गेला, असे शिळा सांगते. राजाच्या लढायांची यादी लांबलचक आहे, पण शेवटी कोणाजवळ गेला हे कोरायला कोणी विसरले नाही.

आता कुंथलगिरी. १९५५ साली हा भाग हैदराबाद राज्यात होता; निजामी जाऊन सातच वर्षे झाली होती. आचार्य शांतिसागर त्या पावसाळ्यात येथे होते. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावच्या पाटील घराण्यातले हे सातगौडा, जन्म १८७२ चा. १९२० साली यरनाळला मुनिदीक्षा, १९२४ साली सांगलीजवळ समडोळीला आचार्यपद. लोपत चाललेली नग्न मुनींची परंपरा त्यांनी पुन्हा देशभर हिंडती केली. हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा मुंबई सरकारचा कायदा जैन मंदिरांना लागू होऊ नये, म्हणून त्यांनी धान्य सोडले आणि १९५१ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सोडलेले ठेवले. त्यांची ती भूमिका आजच्या वाचकाला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण थोर माणसाचे चित्र काढताना नको ती रेघ पुसायची, हा चित्रकाराचा धर्म असेल, इतिहास लिहिणाऱ्याचा नव्हे.

मोतीबिंदूने त्यांची दृष्टी जात चालली होती. ज्याला पायाखालची मुंगी दिसत नाही त्याने मुनीचे व्रत कसे पाळावे? १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना घेतली. पुढे ३६ दिवस हे चालले. मधूनमधून काही दिवशी केवळ पाणी घेतले, मग तेही सुटले. २६ ऑगस्टला त्यांनी आचार्यपद वीरसागरांना दिले. वीरसागर तेव्हा जयपुरास होते. म्हणजे ज्यांच्या हाती संघ सोपवला, ते शय्येजवळ नव्हतेच. हा केवळ योगायोग असेल, पण शिवार्याच्या मनाजोगा आहे. त्याचे म्हणणे असे की आचार्याने मरणकाळी स्वतःचा गण सोडून परक्या गणात जावे. स्वतःच्या शिष्यांत राहिला तर कोणी आज्ञा मोडली म्हणून राग येईल, कोणी रडले म्हणून माया दाटेल. आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांना सावरले, त्याला सावरायला त्याचे शिष्य कचरतात. डॉक्टर आजारी पडला म्हणजे त्याच्या घरी काय होते, ते पाहावे.

गर्दीचे मात्र काय करावे? रेल्वे नाही, रस्ते कच्चे, भाद्रपदाचा चिखल, आणि तरी माणसे हजारोंनी त्या डोंगरावर लोटत होती. अठ्ठेचाळिसांतल्या दाराशी बसणाऱ्या चौघांची गरज ग्रंथ वाचताना कळत नाही, ती अशा वेळी कळते. मरणाचा सोहळा झाला की मरणाऱ्याला मागे फिरण्याची वाट उरते का, हा प्रश्न मला छळतो. एवढ्या डोळ्यांदेखत एखाद्याला पाणी मागावेसे वाटले तर? जैन शास्त्राने मरणाची इच्छा हाही जगण्याच्या इच्छेइतकाच दोष मानला आहे, आणि कीर्तीसाठी मरणाऱ्याला तर काहीच मिळत नाही. पण नियम ग्रंथात असतो आणि गर्दी दारात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या असे ठरवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हाच्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. निर्यापकाबद्दल मात्र माझ्या वाचनात कोठे फारसे आले नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. उशाशी बसलेला माणूस कवच घालणारा आहे की पहारा देणारा, यावरच त्या मरणाची जात ठरते.

शांतिसागरांच्या बाबतीत एक पुरावा उपलब्ध आहे. ८ सप्टेंबरला, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, ते मराठीत बोलले, आणि ते ध्वनिमुद्रित झाले. सुमारे वीस-बावीस मिनिटांचे बोलणे. रोज थोडा वेळ तरी आत्म्याचे चिंतन करा, संयम घ्यायला भिऊ नका, हाच त्याचा गाभा. म्हणजे सांत्वन करायला आलेल्यांचे सांत्वन क्षपकच करीत होता. १८ सप्टेंबर, रविवार, भाद्रपद शुद्ध द्वितीया. सकाळी सातच्या सुमारास सिद्धांना नमस्कार करीत ते गेले.

मराठी वाचकाला यापुढची दोन मरणे आठवतील. १९६६ च्या फेब्रुवारीत सावरकरांनी अन्न व औषध नाकारले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी तेच केले. इंदिरा गांधी येऊन विनवून गेल्या, पण उपयोग झाला नाही, आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, महावीराच्या निर्वाणदिनी ते गेले. दोघांचीही श्रद्धा जैनांची नव्हती आणि एकमेकांसारखीही नव्हती. त्यांच्या निश्चयाबद्दल लिहिले गेले आहे. त्यांच्या उशाशी रात्री कोण जागले, तोंड कोणी पुसले, ते चरित्रांच्या समासात गेले आहे.

माझे वडील गेले त्या वर्षी मी शिवार्याचे नावही ऐकले नव्हते. एका शहरातल्या इस्पितळात ते दोन महिने होते. आम्ही तिघे भावंडे पाळीने बसत असू. प्रत्येक जण आत शिरताना हसतमुखाने सांगे की दिवाळीला घरी जायचे आहे. एका रात्री त्यांनी मला विचारले, "अरे, तुम्हाला कोणालाच कसे माहीत नाही?" मी पांघरूण सारखे केले आणि म्हटले, "दादा, झोपा आता." धाकटीला मात्र ते जमले. ती काही बोलत नसे. त्यांना कुशीवर वळवी, पाठीला तेल लावी आणि त्यांच्या गावाकडच्या विहिरीची, बैलांची, मेलेल्या चुलत्यांची चौकशी करी. ते बोलत राहात. पहाटे केव्हातरी दोघांनाही डोळा लागे.

गेल्या वर्षी आम्ही दोघे कुंथलगिरीला जाऊन आलो. डोंगर चढताना ती दोनदा थांबली, गुडघे दुखत होते. वर गेल्यावर मी तिला अठ्ठेचाळिसांची वाटणी सांगितली. तिने बोटांवर मोजून पाहिली आणि म्हणाली, "यातली किती कामं मी एकटीनं केली रे?" परत येताना तेरखेड्याला गाडी थांबवून तिने नातवंडांसाठी फुलबाज्या घेतल्या.