लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची धास्ती

वस्तूचे गुण नीट सांगितले की ग्राहक ते पारखून निर्णय घेतो, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः त्या घटकेला त्याच्या मनात कोणती प्रेरणा जागी आहे, यावरच कोणता गुण त्याला भिडेल हे अवलंबून असते. आपल्या बेळगावच्या इतिहासातील एक प्रसंग याची साक्ष देतो.

सायकलींच्या दुकानापासून बेळगावात व्यवसायाला आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर सिद्ध केला. तो खोल जाई, माती उलथून टाकी. तथापि लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत आडवी आली. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात.

ही हकीगत आपण अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगतो. मला ते मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लाकडी नांगराचाही फाळ लोखंडाचाच असे. मग भीती कशाची होती? १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांतून मुंबई इलाख्यातील शेतकरी नुकताच बाहेर पडला होता. एक हंगाम बुडाला तर सावकाराचे दार ठरलेले. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो नीट करून देई. लोखंडी मोडल्यास काय करावे? विकणारा ‘अधिक काय मिळेल’ हे सांगत होता आणि ऐकणारा ‘हातचे काय जाईल’ याचा हिशोब करीत होता. ‘विष’ हे त्या धास्तीचेच नाव असावे.

कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९९७ साली या दोन वृत्तींची पद्धतशीर मांडणी केली. एक उत्कर्ष साधू पाहणारी, दुसरी हानी टाळू पाहणारी. पहिल्या वृत्तीचा मनुष्य लाभाच्या वार्तेकडे ओढला जातो, तर दुसरीचा सुरक्षिततेची खूण शोधतो. पुढे ग्राहकांवरील अभ्यासांतही दिसले की, माहिती ऐकणाऱ्याच्या वृत्तीशी जुळली तर ती अधिक पटते. द्राक्षरस तोच; एकाला तो उत्साह देतो म्हणून हवासा वाटतो, दुसऱ्याला हृदयविकारापासून जपतो म्हणून.

१९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा व कर्ज देऊन किर्लोस्करांना आश्रय दिला, किर्लोस्करवाडी वसली आणि कालांतराने तोच नांगर सर्वदूर पोहोचला. शेतकऱ्याची बुद्धी त्या अवधीत बदलली नव्हती. शेजारच्या शेतात नांगर चालून पीक उभे राहिलेले दिसले की धास्तीला उत्तर मिळते. ते केवळ गुणवर्णनाने मिळत नाही.

ज्याच्यापाशी गमावण्याजोगे थोडे उरलेले असते, तो सावधपणे ऐकतो. शाळेत, सभेत वा बाजारात कोणी आपले म्हणणे स्वीकारीत नसेल, तर त्याला अज्ञानी ठरविण्यापूर्वी तो काय गमावण्याच्या भीतीत आहे, एवढे आपण विचारावे.